तुम्ही विचारलंत म्हणून: मला न्यूकॅसलचीच मॅच का आठवते

लिव्हरपूलचा फॅन आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, आवडती मॅच कोणती. आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात उत्तर आधीच असतं, एकतर २००५ ची इस्तंबूलची चॅम्पियन्स लीग फायनल नाहीतर २०१९ च्या सेमीफायनलला बार्सिलोनाला ४-० हाणलं ती. मी सांगतो न्यूकॅसल, ४ मे २०१९, ३-२. मग समोरचा जरा वेळ गप्प बसतो आणि म्हणतो, "पण त्या वर्षी लीग तुम्ही जिंकलीच नाही की." हो, नाही जिंकली. ९७ पॉइंट झाले आणि मँचेस्टर सिटी ९८ वर थांबली. एवढे पॉइंट करून दुसरी आलेली टीम तोवर इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये झाली नव्हती. तरी माझं उत्तर तेच आहे. परवा पुन्हा एकाने विचारलं, तेव्हा म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

आधी माझं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉल टीव्हीवरनं आलेला नाही, तालमीतनं आलाय. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण, प्रॅक्टिस, ज्या पेठेत जन्मलो ती टीम आपली, विषय संपला. पण मॅच सगळ्यांच्या कुठं, तर शाहू स्टेडियमवर. एकच ग्राउंड. समोरच्यांचं पब्लिक आहे तसं आपलंही असतं, हरलो तरी चालत घरी जातो, आणि वाटेत चहाच्या गाड्यावर ज्यांनी हरवलं तेच भेटतात. त्यामुळं अवे मॅच म्हणजे काय हे मला लहानपणी माहीतच नव्हतं. दुसऱ्याच्या गावात जायचं, पन्नास हजार लोक तुमच्या विरुद्ध, आणि तुमची माणसं तीन हजारभर, एका कोपऱ्यात. न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कवर तर बाहेरून आलेल्यांना स्टँडच्या पार टोकाला वर बसवतात, जिने चढून चढून जायचं आणि तिथनं खेळाडू मुंगीएवढे दिसतात. लिव्हरपूलपासनं न्यूकॅसल रस्त्यानं साधारण पावणेतीनशे किलोमीटर. शनिवारी रात्री मॅच, म्हणजे घरी पोचायला पहाट. तरी लोक जातात.

आता तो आठवडा आठवा. बुधवारी चॅम्पियन्स लीग सेमीफायनलच्या दोनपैकी पहिल्या मॅचला बार्सिलोनात ३-० हरलेलो. फर्मिनो दुखापतीमुळं बाहेर. लीगमध्ये दोन मॅच राहिलेल्या, आपण ९१, सिटी ९२, म्हणजे एक जरी ड्रॉ झाला तरी सगळं संपल्यातच जमा. अख्ख्या सीझनमध्ये आपण लीगची एकच मॅच हरलेलो, जानेवारीत, तीपण सिटीकडंच, २-१, आणि त्यात त्यांच्या स्टोन्सनं गोललाइनवरनं काढलेला तो बॉल ११.७ मिलिमीटर उरला होता पूर्ण आत जायचा. मार्चमध्ये फुलहमला ८१ व्या मिनिटाला मिल्नरच्या पेनल्टीवर वाचलेलो. असं करत करत इथवर आलेलो. आणि न्यूकॅसलचा कोच कोण, तर राफा बेनिटेझ, ज्यानं इस्तंबूल जिंकून दिलं तोच. न्यूकॅसल रेलिगेशनमधनं, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरण्यातनं, आधीच सुटलेली, तिला त्या मॅचमधनं काही मिळवायचं नव्हतं, म्हणून काहीजण म्हणत होते की राफा सोडेल. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. चांगला माणूस आपलं काम चोख करतो, आणि त्यानं केलंच, त्याच्या पोरांनी जीव तोडून खेळ केला. त्याबद्दल माझ्या मनात त्याच्याविषयी आदर वाढलाच.

आपल्याकडं मॅच सव्वाबाराला सुरू झाली, म्हणजे तारीख पाच लागलेली. मे महिना, उकाडा, आई-आण्णा झोपलेले, मी आणि चुलतभाऊ बाहेरच्या खोलीत, टीव्हीचा आवाज दोनवर. १३ व्या मिनिटाला कॉर्नर, अलेक्झांडर-अर्नॉल्डचा बॉल, व्हॅन डाइकचं हेडर, १-०. मनात आलं, चला, सोपी जाणार. २० व्या मिनिटाला त्याच अलेक्झांडर-अर्नॉल्डच्या हाताला लागून बॉल अडला आणि रिबाउंडवर न्यूकॅसलच्या ॲत्सूनं मारला, १-१. त्या सीझनला प्रीमियर लीगमध्ये व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा रेफरी, नव्हता, आणि तो गोल झाला नसता तर पेनल्टी आणि कदाचित रेड कार्ड होतं, म्हणजे गोल खाऊनसुद्धा आपण थोडक्यात सुटलो. हा ॲत्सू पुढं २०२३ च्या तुर्कस्तानच्या भूकंपात गेला. ती बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा हीच रात्र आठवली, ज्या गोलवर मी उशी आपटली होती तोच गोल.

२८ ला सलाहनं २-१ केलं. हाफटाइमला आम्ही दोघांनी चहा केला, बोललो काहीच नाही. ५४ ला न्यूकॅसलचा रोंडन, २-२.

त्यानंतरची ती बत्तीस मिनिटं, खरंतर मला सांगायचंय ते याच बत्तीस मिनिटांबद्दल. बॉल आपल्याकडं आहे पण वाट सापडत नाहीये, घड्याळ पुढं चाललंय, स्टेडियममध्ये प्रत्येक क्लिअरन्सवर आरोळी उठतीय, आणि मग सलाह आणि गोलकीपर डुब्राव्का यांची टक्कर. सलाह खाली पडला तो उठेना. स्ट्रेचर आला. आमच्या खोलीत भाऊ नुसता म्हणाला, "संपलं रे." बार्सिलोनाची पण संपली आणि लीगची पण, असं त्याला म्हणायचं होतं, आणि मी त्याला नाही म्हणू शकलो नाही. फर्मिनो नाही, सलाह स्ट्रेचरवर, आणि आत येतोय कोण तर ओरिगी. ज्याला त्या सीझनला खेळायलाच फारसं मिळालं नव्हतं. डिसेंबरमध्ये एव्हर्टनविरुद्ध ९६ व्या मिनिटाला त्यानं गोल केला होता, तेवढी एक आठवण धरून बसलो.

८६ व्या मिनिटाला फॅबिन्योला फ्रीकिक मिळाली. खरं बोलायचं तर फाऊल अगदी हलका होता, मी न्यूकॅसलचा असतो तर वर्षभर त्यावर भांडलो असतो. शकिरीनं डाव्या पायानं बॉल आत सोडला, गर्दीतनं ओरिगी उठला आणि डोकं लावलं. आत. मी काय ओरडलो मला माहीत नाही, पण आतनं आई धावत आली, "काय झालं रे, कोण पडलं?" म्हटलं, "आई गोल झाला, गोल." तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा टीव्हीकडं, "मग जिंकलं का?" "अजून चार मिनिटं आहेत, वर इंजुरी टाइम." ती परत जाईल असं वाटलं, पण ती तिथंच खुर्चीवर बसली, पदर हातात धरून, शिट्टी वाजेपर्यंत. मध्येच एकदा विचारलं, "तो पडलेला पोरगा बरा आहे ना?" सलाहबद्दल.

आता तुम्ही म्हणाल सोमवारी कोम्पनीनं लेस्टरविरुद्ध लांबनं तो गोल मारला, सिटी १-० जिंकली, मग या सगळ्याचा उपयोग काय झाला. हा प्रश्न मला खरंच खूप वेळा ऐकावा लागतो आणि दर वेळी मला त्यावर तळमळून बोलावंसं वाटतं. उपयोग असा बघा. मंगळवारी बार्सिलोनाविरुद्धच्या परतीच्या मॅचला सलाह आणि फर्मिनो दोघंही नाहीत म्हणून ओरिगीला सुरुवातीपासून खेळवलं आणि त्यानं दोन गोल केले. तो तीन दिवसांपूर्वी न्यूकॅसलला शेवटच्या मिनिटांत आपणच मॅच काढू शकतो हे बघून आलेला पोरगा होता. मी हे सिद्ध करू शकत नाही पण मला ते मनापासून खरं वाटतं. पुढं १ जूनला माद्रिदच्या फायनलमध्ये टॉटनहॅमविरुद्ध दुसरा गोल परत त्याचाच.

आणि दुसरं म्हणजे १२ मे. शेवटचा रविवार, आपल्याकडं संध्याकाळी साडेसातला दोन्ही मॅच एकदम, आपली वुल्व्ह्जबरोबर घरी, सिटीची ब्रायटनला. न्यूकॅसलला ड्रॉ झाला असता तर हा दिवस नुसता उरकायचा होता. ओरिगीच्या डोक्यामुळं तो दिवस जिवंत राहिला. १७ व्या मिनिटाला मानेचा गोल झाला, तिकडं सिटी अजून ०-० वर, म्हणजे त्या घटकेला टेबलमध्ये आपण वर. मग तिकडं ब्रायटननंच आधी गोल मारला आणि आमच्या घरात नुसता गोंधळ. लगेच अग्वेरोनं बरोबरी केली, तरी आपणच वर. ३८ व्या मिनिटाला लापोर्टनं सिटीला पुढं नेलं तिथं ते संपलं. एकवीस मिनिटं.

त्या एकवीस मिनिटांत कधीतरी आई स्वयंपाकघरातनं हात पुसत बाहेर आली, आण्णांच्या शेजारी उभी राहिली, टीव्हीवर कोपऱ्यात दोन्ही स्कोअर दाखवत होते ते बघितले आणि मला विचारलं, "आत्ता आपण पहिले का?"

म्हटलं, "हो आई. आत्ता आपण पहिले."