सनद वकिलाला असते, फर्मचे काय?

परदेशी लॉ फर्मना भारतात काम करू द्यावे की नाही, हा वाद आपल्याकडे तीस वर्षे चालू आहे आणि दोन्ही बाजूंनी त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यातली कोणती बाजू बरोबर, यापेक्षा वेगळीच गोष्ट खटकते. सगळा वाद दारापाशीच अडला आहे: कोणाला आत घ्यायचे, किती दिवसांसाठी, किती शुल्क घेऊन. पाच-सहा देशांत कचेऱ्या असलेली एखादी फर्म, ती बाहेरून आत आलेली असो वा आपल्याकडून बाहेर गेलेली, अशिलाच्या बाबतीत चुकली तर तिला कोणी आणि कोणत्या कायद्याखाली जाब विचारायचा, याची चर्चा फारच थोडी झाली आहे.

दारापाशी तरी आपण कसे पोहोचलो, ते आधी सांगायला हवे. १९९० च्या दशकाच्या आरंभी व्हाइट अँड केस, चॅडबर्न अँड पार्क आणि ॲशर्स्ट या तीन परदेशी फर्मना रिझर्व्ह बँकेने भारतात संपर्क कार्यालये उघडण्याची परवानगी दिली. ही परवानगी १९७३ च्या फेरा (परकीय चलन नियमन) कायद्याच्या कलम २९ खाली दिलेली होती. वकिली कोणी करावी हे ठरवणाऱ्या १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमधले कलमही योगायोगाने २९ च आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयात पुढे जे घडले तो एका अर्थी या दोन एकोणतिसांचाच झगडा होता. लॉयर्स कलेक्टिव्ह या संस्थेने १९९५ मध्ये केलेल्या याचिकेवर १६ डिसेंबर २००९ रोजी मुख्य न्यायमूर्ती स्वतंत्र कुमार आणि न्यायमूर्ती जे. पी. देवधर यांच्या खंडपीठाने निकाल दिला. न्यायालयात उभे राहणे एवढीच वकिली नव्हे, सल्ला देणे आणि करारांचे मसुदे करणे हीसुद्धा वकिलीच आहे, आणि ती करायची तर येथील सनद हवी, असे न्यायालयाने म्हटले. परवानगी देण्यात रिझर्व्ह बँकेचे चुकले, हेही ओघाने आलेच.

यानंतर ए. के. बालाजी यांच्या याचिकेवर मद्रास उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये थोडी फट ठेवली: परदेशी वकिलाने येऊन आपल्या देशाच्या कायद्यावर सल्ला द्यावा आणि परत जावे, त्याला हरकत नाही. १३ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईची भूमिका उचलून धरली आणि मद्रासची फट अरुंद केली. अधूनमधून दिलेली भेट चालेल, पण नियमित येणेजाणे ही वकिलीच ठरू शकेल, आणि आंतरराष्ट्रीय लवादासाठी येणाऱ्यांनाही येथील व्यावसायिक आचारसंहिता लागू राहील, असा त्या निकालाचा आशय आहे. यातला शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण प्रवेशाच्या पलीकडे जाऊन वर्तनाबद्दल न्यायालय तेथे बोलले आहे. दुर्दैवाने त्या वाक्याकडे कोणी फारसे पाहिले नाही.

मार्च २०२३ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलीचे नियमन करणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेने, परदेशी वकील आणि फर्म यांच्या नोंदणीचे नियम प्रसिद्ध केले आणि मे २०२५ मध्ये त्यांत सुधारणा केली. मूळ नियमांत फर्मसाठी नोंदणी शुल्क ५०,००० डॉलर आणि अनामत ४०,००० डॉलर, तर एकट्या वकिलासाठी हेच आकडे २५,००० आणि १५,००० डॉलर असे ठेवले होते. नोंदणी पाच वर्षांची. नोंदणीशिवाय येणाऱ्याला बारा महिन्यांत ६० दिवसांपर्यंत राहता येते. न्यायालयीन कामे आणि मालमत्तेच्या हस्तांतरणाची कामे वर्ज्य. परदेशी कायदा, आंतरराष्ट्रीय कायदा आणि आंतरराष्ट्रीय लवाद एवढे क्षेत्र मोकळे. हे सगळे परस्परतेच्या अटीवर, म्हणजे त्या देशाने आपल्या वकिलांना तशीच मुभा दिली तर.

आता फर्मकडे येतो. ॲडव्होकेट्स ॲक्टला फर्म दिसतच नाही. पटावर नाव असते ते व्यक्तीचे, सनद मिळते ती व्यक्तीला, आणि कलम ३५ खाली शिस्तभंगाची तक्रार होते तीही व्यक्तीविरुद्धच. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तुम्ही एखाद्या वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रार करू शकता. फोर्टमधल्या किंवा लोअर परळमधल्या फर्मची, फर्म म्हणून, करू शकत नाही. एकेकटा वकील, त्याचा एखादा कनिष्ठ सहकारी आणि कारकून एवढाच संसार होता तेव्हा याने काही बिघडत नव्हते. तीन-चारशे वकिलांच्या फर्ममध्ये मात्र चुका व्यक्तीच्या राहत नाहीत. नवे काम घेण्यापूर्वी जुन्या अशिलांच्या यादीशी ताडून पाहण्याची व्यवस्था आहे का, अशिलाचे पैसे कोणत्या खात्यात राहतात, नवशिक्यांच्या मसुद्यावर कोणाची नजर असते, हे संस्थेचे निर्णय असतात. त्यांतली त्रुटी कोणा एकाच्या माथी मारता येत नाही, आणि एकाची सनद निलंबित करून ती दूरही होत नाही.

अनेक देशांत पसरलेल्या फर्ममध्ये हा प्रश्न किती टोकाला जातो, याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. रेव्होलेझ ही ओहायोतली कंपनी लेझरने जीन्सला जुनाट रूप देण्याचे तंत्र विकसित करते. आपल्या पेटंटचा भंग झाला म्हणून तिने काही वस्त्रकंपन्यांविरुद्ध तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली, आणि त्या कंपन्यांत गॅपही होती. रेव्होलेझचे वकीलपत्र डेंटन्स या अनेक देशांत पसरलेल्या लॉ फर्मच्या अमेरिकी शाखेकडे होते आणि गॅप ही डेंटन्सच्या कॅनडातल्या शाखेची अशील होती. डेंटन्सची रचना स्विस कायद्याखालच्या संघाची, ज्याला व्हेराइन म्हणतात: नाव एक, पण प्रत्येक देशातली फर्म हिशेबाने आणि उत्तरदायित्वाने वेगळी. तेव्हा आमचे कॅनडातले सहकारी म्हणजे दुसरीच फर्म, हा त्यांचा बचाव होता. मे २०१५ मध्ये तो फेटाळून त्यांना त्या प्रकरणातून दूर करण्यात आले. रेव्होलेझला मध्येच नवे वकील शोधावे लागले. तिने डेंटन्सवर दावा लावला आणि २०२० मध्ये क्लीव्हलँडच्या ज्यूरीने सुमारे ३.२ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली.

अशील मिळवताना एक आणि जबाबदारी येताच अनेक, हा खेळ तेथे चालला नाही. पण हेही लक्षात घ्यावे की तो थांबवला तो आयोगासमोरच्या एका आदेशाने आणि ज्यूरीने. व्यवसायाच्या नियामकाने नव्हे. अमेरिकेत वकिलीचे नियमन राज्यागणिक वेगळे आहे आणि फर्मवर, फर्म म्हणून, शिस्तभंगाची कारवाई करण्याची तरतूद प्रामुख्याने न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क या दोनच राज्यांत आहे. हद्दीचा नियम मात्र व्यक्तीवर कडकपणे चालतो. न्यू यॉर्कच्या बरब्राउअर फर्मच्या वकिलांनी कॅलिफोर्नियात जाऊन एका अशिलासाठी लवादाची तयारी आणि तडजोडीची बोलणी केली, तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले की कॅलिफोर्नियात विनापरवाना केलेल्या कामाची फी मागता येणार नाही.

इंग्लंडने वेगळी वाट धरली. २००७ च्या लीगल सर्व्हिसेस ॲक्टनंतर तेथे सॉलिसिटर्स रेग्युलेशन ॲथॉरिटी वकिलांबरोबर फर्मलाही परवाना देते, तपासते आणि दंड करते. प्रत्येक फर्मला नियमपालनासाठी एक आणि आर्थिक बाबींसाठी एक असे जबाबदार अधिकारी नेमून कळवावे लागतात. ही व्यवस्था निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. २०२३ मध्ये ॲक्झिऑम इन्स या फर्ममधून अशिलांचे कोट्यवधी पौंड गायब झाल्याचे उघड झाले आणि नियामकाला वेळीच का कळले नाही, यावरून बरीच टीका झाली. तरीही जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न तेथे उरला नाही.

आपल्या परस्परतेच्या अटीची अडचणही इंग्लंडकडे पाहिले की कळते. तेथे केवळ सहाच प्रकारची कामे कायद्याने राखीव आहेत, त्यांत न्यायालयीन काम आणि मृत्युपत्राचे प्रोबेट (ते न्यायालयाकडून प्रमाणित करून घेणे) ही ठळक. बाकीचा कायदेशीर सल्ला परवान्याशिवायही देता येतो. आपल्याकडे २०१८ नंतर सल्लासुद्धा राखीव आहे. तेव्हा ‘तशीच मुभा’ म्हणजे नेमकी कोणती, हे ठरवायला आपल्याकडे मापच नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये बार कौन्सिलने परदेशी फर्म आणि भारतीय फर्म यांच्या अशा जोडण्यांवर आक्षेप घेतला, ज्यांत नाव आणि ओळख एकत्रित आहे पण नोंदणी नाही; व्हेराइनचा उल्लेखही त्यात होता. आक्षेपाला आधार आहे. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला बिगरवकिलाशी भागीदारी करता येत नाही आणि फी वाटूनही घेता येत नाही. पण यातही प्रश्न विचारला गेला तो, ही जोडणी म्हणजे मागच्या दाराने प्रवेश आहे का, एवढाच. मी पुण्यातला एखादा मध्यम कारखानदार असतो आणि जर्मन कंपनीशी कराराची बोलणी करायला अशी जोडफर्म नेमली असती, तर मला वेगळीच काळजी वाटली असती: त्या जर्मन कंपनीचे काम हीच फर्म फ्रँकफर्टमध्ये करत आहे का, आणि माझी गुपिते एकाच संगणकप्रणालीत तर नाहीत ना.

नियमांत त्याची सोय करणे अवघड नाही. समान नाव वापरणाऱ्या सर्व देशांतल्या शाखांना हितसंबंध तपासण्यापुरते एकच मानावे, असे एक कलम पुरेसे आहे. दुसरे, नोंदणी झालेल्या प्रत्येक फर्मने भारतात राहणाऱ्या एका भागीदाराचे नाव द्यावे, ज्याच्यावर नोटीस बजावता येईल आणि जो फर्मच्या वतीने उत्तर देईल. तिसरे आणि कठीण म्हणजे हेच भारतीय फर्मनाही लागू करावे, ज्यासाठी नियम पुरणार नाहीत, ॲडव्होकेट्स ॲक्टच बदलावा लागेल. मोठ्या भारतीय फर्म परदेशी स्पर्धेबद्दल जेवढ्या हिरिरीने बोलतात, तेवढ्या स्वतःच्या नियमनाबद्दल बोलताना मला दिसल्या नाहीत. मे २०२५ च्या सुधारणेने भारतीय वकिलांनाही येथील सनद कायम ठेवून परदेशी कायद्याच्या कामासाठी नोंदणी करता येते, त्यामुळे दुबई किंवा सिंगापूर येथे कचेरी थाटलेल्या मुंबईच्या फर्मबाबत तेथल्या नियामकाकडून चौकशीचे पत्र आले, तर येथे ते कोणाच्या टेबलावर जावे, हे तरी बार कौन्सिलने आता ठरवायला हवे.