पियानोपाशी ५३ वर्षं

गुरुवार, रात्री साडेअकरा

आज भजनी मंडळाची तालीम झाली. तबल्यावर काका नाहीत असा हा पहिलाच गुरुवार. अठरा वर्षं मी पेटीवर आणि ते तबल्यावर. आता ते कायमचे मुलाकडे राहायला गेलेत. नवा मुलगा चांगला वाजवतो, लय पक्की आहे. पण समेवर काकांची मान हलायची, ती मी सारखी शोधत होते. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. मग बोझार ट्रायो या तीन वादकांच्या गटाची ध्वनिमुद्रणं लावली.

पियानो, व्हायोलिन आणि चेलो, म्हणजे व्हायोलिनचं मोठं, खर्जातलं भावंड. १९५५ च्या जुलैत अमेरिकेतल्या टँगलवूडला त्यांची पहिली मैफल झाली. पियानोवर मेनाहेम प्रेस्लर, व्हायोलिनवर डॅनिएल गिये, चेलोवर बर्नार्ड ग्रीनहाउस. गिये संचालक तोस्कानिनींच्या अमेरिकेतल्या एनबीसी वाद्यवृंदातले पहिल्या खुर्चीवरचे व्हायोलिनवादक, वयाने आणि अनुभवाने प्रेस्लरपेक्षा कितीतरी मोठे. प्रेस्लर तेव्हा ३१ वर्षांचे. जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या ज्यू घरातला हा मुलगा. १९३८ च्या नोव्हेंबरात त्या एका रात्री ज्यूंची दुकानं फोडली गेली, त्यात वडिलांचं कपड्यांचं दुकानही गेलं. पुढच्या वर्षी आईवडील मुलांना घेऊन इटलीमार्गे पॅलेस्टाईनला पोचले. मागे राहिलेले नातेवाईक छळछावण्यांत मारले गेले. १९४६ साली सॅन फ्रान्सिस्कोत संगीतकार दब्युसीच्या नावाची पियानो स्पर्धा त्याने जिंकली, तिथून नाव झालं.

गिये १९६० च्या दशकाच्या शेवटी बाहेर पडले आणि इसिडोर कोहेन आले. १९८७ मध्ये ग्रीनहाउस थांबले, पीटर वायली आले. १९९२ मध्ये कोहेन बाहेर पडले. मग इडा कवाफियान, यंग अक किम, अंतोनियो मेनेसेस, डॅनिएल होप. पियानोच्या बाकावर मात्र २००८ पर्यंत एकच माणूस. पाच व्हायोलिनवादक आणि तीन चेलोवादक त्याच्या शेजारी बसून वाजवून गेले. मी यापूर्वी हे नुसतं वाचलं होतं. आज पहिल्यांदा मनात आलं, की प्रत्येक बदलानंतर पहिल्या तालमीच्या दिवशी या माणसाला कसं वाटत असेल?

त्यांनी संगीतकार हायडनचे सगळे पियानो ट्रायो, म्हणजे या तीन वाद्यांसाठीच्या रचना, ध्वनिमुद्रित केले, चाळीसहून जास्त. ग्रामोफोन मासिकाने १९७९ मध्ये त्याला वर्षातलं सर्वोत्तम ध्वनिमुद्रण ठरवलं. या रचनांमध्ये चेलोला बहुतेक वेळ पियानोच्या डाव्या हाताचेच स्वर असतात. स्वतंत्र असं फार थोडं. ग्रीनहाउस थोर चेलोवादक पाब्लो कासाल्सकडे शिकलेले, हातात स्ट्रॅडिव्हेरियस या नामांकित कारागिराने १७०७ साली घडवलेला चेलो, आणि वाजवायचं काय, तर दुसऱ्याच्या डाव्या हातात आहे तेच. पण कान देऊन ऐकलं की कळतं. पियानोचा स्वर उमटल्या क्षणापासून विरायला लागतो. चेलो तोच स्वर धरून ठेवतो, त्याला अंग देतो. चेलो थांबला, की पियानो एकदम पोरका वाटतो. मी साथ करणारी बाई आहे, मला हे आतून कळतं. साथीला दुय्यम म्हणणाऱ्यांनी हे एकदा ऐकावं, असं मला फार मनापासून वाटतं.

मग संगीतकार शूबर्टचा बी फ्लॅट स्वरातला ट्रायो लावला, दोनदा. एकदा गियेंबरोबरचा, एकदा कोहेनबरोबरचा. पियानो तोच, चेलो तोच. संथ भागात आधी पियानो पाळणा हलवावा तसा झुलत राहतो, त्यावर चेलो धून सुरू करतो. ती पूर्ण म्हणून झाली की व्हायोलिन तीच धून उचलतं, आणि चेलो गप्प न बसता तिच्या खालून फिरत राहतो. मी फक्त ती उचलण्याची जागा ऐकत बसले. गियेंचा स्वर मला उजळ, धारदार वाटला, कोहेनचा मऊ. पण खरं नवल ग्रीनहाउसचं. धून हातातून सुटताना त्यांचा शेवटचा स्वर दोन्ही वेळा मला वेगळा ऐकू आला. समोर कोण उभं आहे ते बघून दिल्यासारखा. हे ऐकलं आणि डोळे भरून आले.

शेवटची मैफल २००८ च्या सप्टेंबरात स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला झाली. प्रेस्लर तेव्हा ८४ वर्षांचे होते आणि तरीही थांबले नाहीत. २०१४ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर मोत्झार्टची रचना वाजवली. ज्या देशातून पोरवयात पळावं लागलं, तिथेच. २०२३ च्या मे महिन्यात लंडनमध्ये वारले, ९९ व्या वर्षी.

साडेबारा वाजून गेलेत. आत्ताच नव्या मुलाला निरोप पाठवला. पुढच्या गुरुवारी मंडळी यायच्या अर्धा तास आधी ये, आपण दोघंच बसू.