साताऱ्याहून डार्मश्टाटला: पत्रपेटीवरचं नाव

डार्मश्टाटच्या वसतिगृहात तळमजल्यावर पत्रपेट्यांची एक अख्खी भिंत आहे. राखाडी पत्र्याच्या पेट्या, प्रत्येकीवर बोटभर रुंदीची पारदर्शक पट्टी आणि पट्टीखाली सरकवलेली नावाची चिठ्ठी. जर्मनीत पत्त्यावर इमारतीचा नंबर असतो, खोलीचा बहुतेकदा नसतो. पोस्टमन चिठ्ठीवरचं आडनाव वाचतो आणि पत्र आत टाकतो. आडनाव जुळलं नाही तर पत्र परत जातं, वर शेरा मारलेला असतो: प्राप्तकर्ता अज्ञात. शुक्रवार पेठ, अमक्या दुकानाच्या वर, एवढ्यावर साताऱ्यात पत्र घरी येतं. तिथे येत नाही.

जर्मनीत शिकायला जायचं म्हणून केलेल्या एका सेमिस्टरच्या तयारीत सगळ्यात जास्त जीव कशाने खाल्ला असेल, तर या नावाने. व्हिसा, पैसे, भाषा यांबद्दल सगळे बोलतात, नावाबद्दल कुणी आधी सांगत नाही, म्हणून तेच आधी लिहिते.

आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव असतं आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. समजा, 'जाधव स्नेहल संजय'. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने: सरनेममध्ये जाधव, गिव्हन नेममध्ये स्नेहल संजय. जर्मन कारकुनाच्या डोळ्यांना शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. त्याने गुणपत्रिका पाहून नोंद केली की मुलगी 'फ्राऊ संजय', म्हणजे श्रीमती संजय, होते. मग विद्यापीठात ती संजय, आरोग्य विम्यात जाधव. विमा कंपनी विद्यापीठाला परस्पर ऑनलाइन कळवते की हिचा विमा आहे. तो निरोप नाव आणि जन्मतारखेवरून जुळवला जातो. नाव जुळलं नाही की प्रवेश अडकतो, आणि प्रवेश अडकला की ओळखपत्र नाही, प्रवासाचा पास नाही.

दुसरी अडचण स्पेलिंगची. भोसलेमध्ये 'एस'नंतर 'ए' आहे का, शिंदेच्या शेवटी 'ई' एक की दोन. शाळेत कुणीतरी घाईत लिहिलेलं अक्षर बारावीपर्यंत सोबत येतं, आधारवर वेगळं असतं, आणि पासपोर्ट काढताना तिसरंच पडतं. दुरुस्ती मुळापासून करायची. सातारा-सांगलीच्या मुलांसाठी बोर्डाचं विभागीय कार्यालय कोल्हापूरला आहे. अर्ज शाळेमार्फत जातो आणि शाळेच्या जनरल रजिस्टरच्या उताऱ्याशिवाय पुढे सरकत नाही. पासपोर्टचं काम पुणे कार्यालयाच्या अखत्यारीत, ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये. पासपोर्टमध्ये काही बदलायचं असेल तर व्हिसाच्या आधीच बदला, कारण व्हिसा त्याच पुस्तकात चिकटतो. मुदत जवळ आली असेल तर नोटरीसमोर इंग्रजीत प्रतिज्ञापत्र करा: ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. त्यात दोन्ही स्पेलिंग अक्षरन् अक्षर हवीत आणि कुठल्या कागदावर कुठलं आहे तेही हवं. 'नावात किरकोळ फरक आहे' असं मोघम लिहिलेलं काही उपयोगाचं नसतं. आणि यापुढे कुठलाही ऑनलाइन फॉर्म भरताना समोर पासपोर्ट उघडा ठेवायचा, गुणपत्रिका नाही. विमानाचं तिकीटसुद्धा तसंच. बोर्डिंग पासवर 'स्नेहलसंजय' एकत्र छापून येतं, त्याला घाबरू नका.

पैशांचं थोडक्यात. जर्मनीला 'श्पेअरकोंटो' लागतं, म्हणजे आपलेच पैसे आधी भरून ठेवायचे आणि तिथे दरमहा ठरावीक रक्कम हातात घ्यायची. सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरो, वर्षाला ११,९०४. साताऱ्यातल्या प्रत्येक बँक शाखेत परकीय चलनाचं काम होत नाही, तेव्हा आधी चौकशी करून जा. पैसे पाठवताना वाटेतल्या बँकांचे चार्जेस पाठवणाऱ्याने भरायचे, हा पर्याय आठवणीने निवडा. नाहीतर तिकडे वीस-पंचवीस युरो कमी पोचतात, आणि तेवढ्यासाठी व्हिसाला लागणारं पत्र निघत नाही. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा हवा. स्टुडिओवाल्याला आधीच सांगा की चेहरा उजळवू नकोस. प्रेमाने केलेलं ते टचअप व्हिसा केंद्रात परत येतं.

आता मुहूर्त. हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं, तास साधारण महिन्याच्या मध्याला. आपल्याकडे त्याच्या आगेमागे पितृपक्ष, त्यामुळे घरचे म्हणतात घट बसल्याशिवाय जायचं नाही, आणि मग कुणीतरी म्हणतं दसऱ्यालाच निघू दे, साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला, गुरुवारी होता. त्या रात्री निघालेलं मूल ३ ऑक्टोबरला उतरतं, आणि ३ ऑक्टोबर हा जर्मनीचा एकीकरण दिन, देशभर सुट्टी. पुढे शनिवार, रविवार. खोलीची किल्ली ज्याच्याकडे असते तो हाउसमायस्टर थेट सोमवारी भेटतो. तीन रात्री हॉटेलात, रविवारी दुकानंही बंद. वडीलधाऱ्यांचं मन राखायलाच हवं, पण मुहूर्ताला बॅग घराबाहेर काढून ठेवता येते. विमान सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी उतरेल असंच घ्या.

बॅगेचं सगळ्यात दुःखाचं. साताऱ्याहून निघणाऱ्याच्या हातात कंदी पेढ्याचा पुडा येणारच, आणि तो युरोपीय संघात नेता येत नाही. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरच्या देशांतून प्रवाशांच्या सामानात आणायला बंदी आहे. यात तूप आलं, खवा आला, घरचं लोणी आलं. सापडलं तर काढून टाकून देतात. आजीला हे विमानतळावर नाही, घरीच समजावून सांगा. पेढे मुंबईला जाताना गाडीतच सगळ्यांनी मिळून संपवावेत. ताजा कढीपत्ताही नको. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर मुंबईतच बॅगेतून बाहेर निघतात, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणारं सामान धरतात. कांदा लसूण मसाला मात्र खुशाल न्या: दुहेरी पिशवी, मध्ये कागद, वरून टेप, आणि हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या बॅगेत. पॉवर बँक याच्या उलट, फक्त हातातल्या पिशवीत. कुकर ॲल्युमिनियमचा असेल तर इंडक्शनवर चालत नाही, स्टीलचा घ्या. आपली तीन पिनांची वायर तिथल्या सॉकेटमध्ये जात नाही, पण वीज तीच २३० व्होल्टची, तेव्हा एक साधा ॲडॅप्टर पुरतो.

प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. खंबाटकी आणि खंडाळ्याच्या घाटासाठी दोन तास जास्तीचे धरा. नातेवाइकांना विमानतळाच्या दारातच थांबावं लागतं, म्हणून दोन गाड्या भरून जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. निरोप घरच्या उंबऱ्यावर जास्त चांगला होतो. फ्रँकफर्टच्या विमानतळावरून डार्मश्टाटला थेट बस आहे.

पोचल्यावर दोन आठवड्यांत 'आनमेल्डुंग', म्हणजे नगरपालिकेत पत्त्याची नोंद. तिला घरमालकाने सही केलेला फॉर्म लागतो. भाडेकरार पुरत नाही. किल्ली घेतानाच तो फॉर्म मागून घ्या. खिडकीवरच्या बाई नोंद करून कागद हातात देतात तेव्हा लगेच उठू नका. आडनावाच्या रकान्यात जाधवच आहे ना, गिव्हन नेममध्ये दोन्ही शब्द आहेत ना, जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटलेले नाहीत ना, हे तिथेच बोट ठेवून वाचा. त्या पाच मिनिटांत झालेली चूक तिथल्या तिथे सुधारतात, दुसऱ्या दिवशी नवी वेळ घ्यावी लागते.

यानंतर सगळं पोस्टाने येतं. बँकेचं कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्यात, वेगवेगळ्या दिवशी. विम्याचं कार्ड. अकरा आकडी कर क्रमांक. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र, घरटी महिन्याला १८.३६ युरो. खोल्या एकाच सामायिक घरात असतील तर ती सगळ्यांनी मिळून एकदाच भरायची असते. बँक खातं चालू होईपर्यंत अडवलेल्या पैशांतला पहिला हप्ताही येत नाही, तेव्हा महिनाभराचा खर्च आणि खोलीचं डिपॉझिट फॉरेक्स कार्डावर वेगळं ठेवा.

म्हणून किल्ली मिळाली की वर खोलीत जायच्या आधी पत्रपेटी गाठायची. आधीच्या मुलाची चिठ्ठी अजून तिथेच असते. वसतिगृहात चिठ्ठी हाउसमायस्टरच छापून लावतो, त्याला पासपोर्टच दाखवा. तो दोन दिवस लागतील म्हणाला, तर त्याला विचारून तोवर स्वतःची लावा: वहीच्या पानाची पट्टी, काळ्या पेनाने मोठ्या अक्षरांत आधी आडनाव, खाली स्नेहल संजय. शाई पावसाने ओघळू नये म्हणून वरून पारदर्शक टेप. बॅगेत मसाल्याच्या पुड्यांसाठी घेतलेला तोच टेप चालतो.