केस पेपरवरचं प्रश्नचिन्ह

इंटर्नशिपमध्ये रात्रपाळीला एक आजी आल्या होत्या. जुनी फाइल रेकॉर्ड रूममध्ये सापडेना. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी त्या फाइलवर लाल शाईने लिहिलेली होती. मुलाला ऐनवेळी आठवलं म्हणून निभावलं. ती रात्र डोक्यातून गेली नाही, म्हणून पीएसएममध्ये, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्रात, एमडी झाल्यावर मी पीएचडीला इलेक्ट्रॉनिक वैद्यकीय नोंदी हा विषय घेतला. आई एवढंच म्हणाली, "म्हणजे आता पेशंट बघणार नाहीस?"

पहिले काही महिने रेकॉर्ड सेक्शनच्या टेबलावर गेले. जन्मतारखा तपासताना दिसलं की म्हाताऱ्या रुग्णांपैकी कितीतरी जण 1 जूनला जन्मलेले! कारण आपल्याकडे कुणाला सांगायला नको. गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच तारीख टाकली आणि ती पुढे आधार कार्डापर्यंत आली. ज्यांच्याकडे तीही नव्हती त्यांनी खिडकीवर "साठ-पासष्ट लिहा" म्हणून सांगितलं, आणि संगणकाने त्याची नेमकी तारीख करून टाकली.

मग एथिक्स कमिटी. प्रस्ताव दोनदा परत आला. ओळख पुसलेल्या जुन्या नोंदींसाठी समिती संमतीची अट शिथिल करू शकते, असं आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि मी त्याच भरवशावर होते. नाव, पत्ता, फोन काढला की झालं, असं मला वाटायचं. समितीत डॉक्टर नसलेल्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "छोट्या गावात थॅलेसेमियाची एकच मुलगी असेल, तर गाव आणि वय एवढ्यावरून कुणीही ओळखेल की तिला." मला उत्तर देता आलं नाही. मग गाव काढून फक्त जिल्हा ठेवला, जन्मतारखेऐवजी वयोगट घेतला आणि प्रत्येक रुग्णाच्या सगळ्या तारखा ठरावीक दिवसांनी सरकवल्या. दाखल आणि डिस्चार्ज यांतलं अंतर कायम राहतं, खरी तारीख कळत नाही. तिसऱ्यांदा मंजुरी मिळाली. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

खरा कस लागला कोडिंगमध्ये. केंद्राच्या ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी) मानकांनी निदानासाठी स्नोमेड सीटी हा वैद्यकीय संज्ञांचा आंतरराष्ट्रीय कोश सांगितला आहे आणि 2014 पासून भारत तो चालवणाऱ्या संस्थेचा सदस्य असल्यामुळे तो वापरायला मोफत आहे. त्यात प्रत्येक संकल्पनेला स्वतःचा क्रमांक असतो, हृदयविकाराच्या झटक्याचा 22298006. पण आमच्या केस पेपरवर असायचं 'आरटीए'. कॅज्युअल्टीत त्याचा अर्थ रस्ता अपघात, नेफ्रोलॉजीत मूत्रपिंडाचा एक आजार, रीनल ट्युब्युलर अ‍ॅसिडोसिस. 'एमएस' म्हणजे हृदयाची झडप अरुंद होणं की मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार, हे वॉर्ड पाहिल्याशिवाय कळायचं नाही. मी आणि एक सहकारी स्वतंत्रपणे कोड लावायचो आणि मग 'कप्पा' हे जुळणी मोजायचं सांख्यिकीय माप काढून किती जुळलं ते बघायचो. पहिल्या फेरीत इतकं कमी जुळलं की नियमावली नव्याने लिहिली.

त्यातच तो कागद हाती आला. डॉक्टरांनी लिहिलं होतं '?डेंग्यू'. फॉर्ममध्ये प्रश्नचिन्हाला जागाच नव्हती, म्हणून ऑपरेटरने 'डेंग्यू' टाइप केलं होतं. संशय होता, तो पक्का आजार झाला. मग तसे कागद सापडतच गेले, '?टीबी', '?टायफॉइड'. 'साठ-पासष्ट'ची नेमकी तारीख होते, तसंच हे. प्रबंध शेवटी यावरच उभा राहिला. एफएचआयआर या आरोग्य नोंदींच्या देवाणघेवाणीच्या मानकात निदान तात्पुरतं, पक्कं की खोडून काढलेलं, हे सांगायची वेगळी जागा आहे. ती आमच्या फॉर्ममध्ये आणायला दीड वर्ष लागलं.

नोकरीच्या मुलाखती सोप्या नव्हत्या. एका ठिकाणी विचारलं, "तुम्ही डॉक्टर की कॉम्प्युटरवाल्या?" आणि दोन्ही विभागांनी मला दुसऱ्याकडे पाठवलं. शेवटी पीएसएममध्येच जागा मिळाली.

आता दर बॅचच्या पहिल्या तासाला तोच कागद, नाव झाकून, मुलांपुढे ठेवते आणि जुन्या फॉर्ममध्ये भरायला सांगते. खोली शांत होते, कीबोर्ड वाजायला लागतात. थोड्या वेळाने मागून कुणीतरी हात वर करतं, "मॅडम, हे प्रश्नचिन्ह कुठे टाकायचं?"