बाराशे मीटरचं यंत्र

‘पाण्याखालचं वाटत नाही.’ माझ्या थ्रीडी चित्रावर हे एकच वाक्य तीनदा परत आलं, आणि दर वेळी त्यासाठी चार-चार दिवस थांबावं लागलं. उजेड खटकतोय, सावली की रंग, हे लिहायची तसदी कुणी घेतली नाही. अजून आठवलं की डोकं तापतं.

काम होतं मुंबई बंदरात धक्क्याचे खांब तपासणाऱ्या आरओव्हीचं, म्हणजे दुरून चालवायच्या पाण्याखालच्या यंत्राचं चित्र. यंत्र जेमतेम 1.2 मीटर लांब. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये भोवती पाण्याचा ठोकळा केला, पाण्याने उजेड शोषावा म्हणून व्हॉल्यूम ॲब्सॉर्प्शन लावलं, तर रेंडर, म्हणजे तयार चित्र, काळाकुट्ट. दिवे शंभरपट वाढवले तरी काळाच. शेवटी पाणीच काढून टाकलं आणि वरून निळा थर दिला. तेच थोडंफार बदलून पाठवत राहिले. नाकारलं ते बरोबरच, पण कारण सांगितलं असतं तर माझे बारा दिवस वाचले असते.

शेजारच्या टेबलावरचे दादा म्हणाले, “कीबोर्डवरचं एन दाब, माप बघ.” लांबी 1,200 मीटर! मॉडेल मिलिमीटरमध्ये होतं आणि ब्लेंडरने प्रत्येक मिलिमीटर मीटर धरला होता. एवढ्या पाण्यातून उजेड येणार कुठून? स्केल 0.001 केलं, अप्लाय करून ते पक्कं केलं. बाहेरून मॉडेल आलं की आधी हेच बघा.

मग पाणी किती उजेड शोषतं त्याचे खरे आकडे टाकता आले. शुद्ध पाण्यातसुद्धा पाच मीटरांत लाल प्रकाशाचा पाचवा हिस्साही उरत नाही. त्यात दिवा ते वस्तू आणि वस्तू ते कॅमेरा, दोन्ही अंतरं धरायची. यंत्राच्या कडेला एक लाल व्हॉल्व्ह आहे. कॅमेरा अर्ध्या मीटरवर असताना तो टोमॅटोसारखा दिसतो, तीन मीटर मागे नेला की काळपट. निळा थर जवळचं-लांबचं सगळं सारखंच रंगवतो, तिथेच फसलं होतं.

आणि निळं पाणी आपल्याकडे आहे कुठे? भाऊच्या धक्क्यावर उभं राहून बघा, गाळाने मातकट हिरवं. म्हणून पाण्याला निळाही शोषायला लावला, स्कॅटर, म्हणजे उजेडाचं विखुरणं, वाढवलं, आणि तो बहुतेक पुढच्याच दिशेने विखुरावा म्हणून ॲनिसोट्रॉपी 0.8 ठेवली. हां, सायकल्समध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या रेंडर इंजिनमध्ये, व्हॉल्यूमचे बाउन्स (उजेड पाण्यात किती वेळा पुन्हा विखुरावा तो आकडा) मुळात शून्य असतात, ते वाढवा, तेव्हा सावल्या उजळून मऊ होतात. दिवे कॅमेऱ्याला चिकटवू नका, समोर नुसतं पांढरं धुकं येतं.

चौथ्यांदा पाठवलं आणि वीस मिनिटांत मंजुरी आली. त्या फ्रेममध्ये व्हॉल्व्ह जवळजवळ काळा आहे. मला तीच जागा सगळ्यात आवडते.