पॅट्रिक ट्रॉटनचं नेमकं काय उरलंय?

पॅट्रिक ट्रॉटन २८ मार्च १९८७ रोजी गेला. हा ब्रिटिश नट म्हणजे बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेतला दुसरा डॉक्टर. १९६६ ते १९६९ या काळात त्याने ११९ भाग केले आणि त्यातले पन्नासहून जास्त आज सापडत नाहीत. त्याच्या कामाबद्दल कुणी मत दिलं, की आधी विचारावं लागतं : तुम्ही कोणते भाग पाहिलेत, आणि कोणत्या प्रतीवरून?

त्याची पहिलीच कथा, 'द पॉवर ऑफ द डालेक्स', सहा भागांची, सहाही गेले. पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल; कथेत डॉक्टरचं रूप पालटतं आणि हार्टनेलचा चेहरा बदलून ट्रॉटनचा होतो, तो 'द टेन्थ प्लॅनेट'चा शेवटचा भागही नाही. २९ ऑक्टोबर १९६६ला तो दाखवला गेला. चेहरा बदलण्याचे ते काही सेकंद मात्र आहेत, कारण १९७३मध्ये मुलांच्या 'ब्लू पीटर' या कार्यक्रमात तेवढाच तुकडा वापरला होता.

हे भाग आगीत किंवा पुरात गेलेले नाहीत, ते पुसले गेले. कार्यक्रम दोन इंच रुंदीच्या टेपवर मुद्रित व्हायचे. टेप महाग आणि पुन्हा वापरता येणारी. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारामुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होती. नोव्हेंबर १९६९मध्ये बीबीसी वन रंगीत झालं आणि कृष्णधवल भागांना गिऱ्हाईक उरलं नाही. त्यातून बीबीसीत एक विचित्र पोकळी होती. टेप अभियांत्रिकी विभागाच्या ताब्यात, फिल्म लायब्ररीकडे प्रामुख्याने फिल्मवर बनलेलंच, आणि परदेशी विक्रीच्या प्रती बीबीसी एंटरप्रायझेसकडे, त्याही विक्रीचे हक्क संपेपर्यंत. जपणूक दुसरा विभाग करतोय, असं प्रत्येकाला वाटायचं. सगळं जपायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. १९७८च्या सुमारास पुसणं थांबलं, तोवर पीटर कुक आणि डडली मूर या विनोदवीरांच्या 'नॉट ओन्ली बट ऑल्सो'चा मोठा भाग गेला होता. १९६९च्या चांद्रमोहिमेचं बीबीसीच्या स्टुडिओतलं प्रक्षेपणही गेलं. त्यात खगोल-अभ्यासक पॅट्रिक मूर होता. १९५७पासून २०१२मध्ये मरेपर्यंत 'द स्काय अॅट नाइट' हा आकाशदर्शनाचा कार्यक्रम सादर करणाऱ्या माणसाची त्या रात्रीची पूर्ण चित्रफीत नसावी, याची चुटपुट अजून जात नाही.

आज जे कृष्णधवल भाग दिसतात, ते बहुतेक टेपवरचे नाहीतच. ते परदेशी विक्रीसाठी काढलेली टेलिरेकॉर्डिंग आहेत : मॉनिटरवर कार्यक्रम चालवायचा आणि समोर १६ मिमीचा फिल्म कॅमेरा लावायचा. २५ मिनिटांच्या भागाला सुमारे ९४० फूट फिल्म लागते. अडचण अशी, की टीव्हीचं चित्र सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांनी बनतं. आधी एकाआड एक रेषा, मग मधल्या. फिल्म सेकंदाला २५ चौकटी घेते आणि तिला पुढच्या चौकटीवर सरकायलाही वेळ लागतो. सोपा उपाय म्हणजे अर्धं चित्र सोडून द्यायचं. मग उभी तीक्ष्णता निम्मी होते, तिरप्या कडा दातेरी दिसतात. चांगला उपाय म्हणजे पडद्यावरच्या फॉस्फरची, म्हणजे उजळणाऱ्या लेपाची, चमक रेंगाळू द्यायची. पहिलं अर्धं चित्र उमटताना शटर बंद ठेवून फिल्म सरकवायची, दुसरं उमटताना शटर उघडायचं, म्हणजे दोन्ही एकदम टिपली जातात. पहिलं तोवर मंद झालेलं असतं, म्हणून त्याचा उजेड आधीच वाढवून ठेवायचा. तो नीट जुळला नाही, तर रेषा एकाआड एक फिक्या पडतात. कॅमेऱ्यापुढे जे येईल ते फिल्मवर उतरणार : १९५३च्या 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' या बीबीसी मालिकेच्या दुसऱ्या भागात मॉनिटरवर चालणारा एक किडा कायमचा नोंदला गेला आहे.

या सगळ्यात हरवते ती हालचाल. मूळ प्रक्षेपणात ट्रॉटनची मान वळणं, बोटांची चुळबुळ सेकंदाला ५० वेळा दिसत होती. फिल्मवर ती निम्म्या वेळा दिसते आणि नट सिनेमातल्यासारखा वाटू लागतो. पीटर फिंकलस्टोनने विकसित केलेली विडफायर पद्धत दोन चौकटींच्या मधली स्थिती संगणकावर काढून ती हालचाल परत आणते. अशी डीव्हीडी संगणकावर पाहताना डीइंटरलेसिंग (अर्ध्या चित्रांची पूर्ण चौकट करण्याची क्रिया) दुप्पट वेगाचं, म्हणजे ५० चौकटींचं निवडा. २५वर ठेवलंत तर ती सगळी मेहनत वाया जाते. चित्र चारास तीन ठेवा. पडदा भरावा म्हणून ताणलं तर चेहरे पसरतात, झूम केलं तर डोकी कापली जातात.

हरवलेल्या भागांचाही मागमूस आहे. 'डॉक्टर हू'च्या प्रत्येक हरवलेल्या भागाचा आवाज प्रेक्षकांनी घरी टेप केलेला आहे. जॉन क्युरा हा छायाचित्रकार टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून नटांना आणि निर्मात्यांना विकत असे. एका भागाचे साधारण साठ-सत्तर. आवाज आणि फोटो जोडून बराच अंदाज येतो, पण ट्रॉटनच्या बाबतीत ही जोडणी फार अपुरी पडते. त्याचं निम्मं काम संवादांच्या मधल्या जागेत आहे. ऑस्ट्रेलियाच्या सेन्सॉरने भीतीदायक म्हणून कापलेले तुकडेही १९९६मध्ये तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात मिळाले. म्हणजे काही भागांतली चालती चित्रं उरली ती फक्त मारामारीची आणि किंकाळ्यांची.

म्हणून २०१३चा शोध एवढा मोलाचा. नायजेरियातल्या जोस शहरातून हरवलेल्या फिल्मांचा शोध घेणाऱ्या फिलिप मॉरिसने नऊ भाग परत आणले. 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' ही कथा त्यामुळे पूर्ण झाली. त्याआधी तिचा तिसरा भागच होता आणि कथा कंटाळवाणी ठरवली गेली होती. ट्रॉटन त्यात डॉक्टर आणि खलनायक सालामांडर अशा दुहेरी भूमिकेत आहे. सहाही भाग ओळीने पाहिल्यावर खांदे, चाल, श्वास यांतला फरक कळतो. 'द वेब ऑफ फिअर'चा तिसरा भाग मात्र अजून नाही, आणि निकोलस कोर्टनीने केलेल्या लेथब्रिज-स्ट्युअर्ट या लष्करी अधिकाऱ्याची खरी ओळख नेमकी त्यातच होते. कोर्टनी २०११मध्ये गेला. बाकीचे भाग परतलेले त्याला पाहायला मिळाले नाहीत.

ट्रॉटनशी ओळख करून घ्यायची तर १९६७च्या 'द टूम ऑफ द सायबरमेन'चा तिसरा भाग लावा. ही कथा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगमधून मिळाली. सोबत प्रवास करणाऱ्या व्हिक्टोरियाशी तो आपल्या घरच्यांबद्दल बोलतो, आवाज जवळजवळ कुजबुजीवर आणून. तो प्रसंग फक्त ऐकून कळला नसता.

असे भाग असू शकतील अशी जुनी १६ मिमीची रिळं हाताशी आली, तर ती प्रोजेक्टरवर चढवू नका. ॲसिटेट या प्लास्टिकची फिल्म वर्षानुवर्षं आकसते, कडेच्या भोकांमधलं अंतर कमी होतं आणि प्रोजेक्टरचे दात ती फाडतात. डब्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तो डबा बाकीच्यांपासून वेगळा ठेवा, कारण सुटणारं आम्ल शेजारच्या रिळांनाही लागतं. थंड, कोरडी जागा बघा. डब्यावरचं लेबल काढू नका, पण त्यावर विश्वासही ठेवू नका. रिळाच्या सुरुवातीच्या पट्टीवर नाव किंवा क्रमांक असतो, तो हातमोजे घालून उजेडासमोर वाचा. फोटो काढा आणि पुढचं काम फिल्म अभिलेखागारावर सोपवा.