ओल्डकॉन्फिगचे प्रश्न वाचायचेच

यंदा लॅपटॉपवरचा लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ६.६ वरून ६.१२ वर नेला. तो मी सोर्सवरून स्वतःच बिल्ड करतो. दोन्ही एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या; मधल्या आवृत्त्यांच्या वाटेला मी जात नाही.

जुनी कॉन्फिग (कर्नलमध्ये काय घ्यायचं, काय नाही हे ठरवणारी फाइल) नव्या सोर्समध्ये टाकली की बहुतेक जण 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' मारून मोकळे होतात. नव्या पर्यायांना डीफॉल्ट उत्तरं बसतात, काम झटक्यात उरकतं. मी 'मेक ओल्डकॉन्फिग'वाला. ते एकेक नवा पर्याय पुढ्यात ठेवून विचारत बसतं: वाय (हो), एन (नको) की एम (मॉड्यूल, म्हणजे लागेल तेव्हा लोड होणारा वेगळा तुकडा)? एवढ्या मोठ्या उडीत प्रश्न संपता संपत नाहीत. निम्मे तर आपल्याकडे नसलेल्या हार्डवेअरचे, तिथे डोळे झाकून एंटर.

पण ६.९ मध्ये रेटपोलिनच्या (प्रोसेसरच्या स्पेक्टर त्रुटीवरच्या बचावाच्या) पर्यायाचं नाव बदललं, नावाआधी 'मिटिगेशन' लागलं. पेज टेबल आयसोलेशन या तशाच दुसऱ्या बचावाचंही तेच. कर्नलच्या लेखी जुनं नाव अनोळखी, म्हणून ते गुपचूप गळतं आणि नवं नाव स्वतःचं डीफॉल्ट घेऊन येतं, म्हणजे 'वाय'. आधी कुणी विचारपूर्वक 'एन' केलं असेल, तर ते गेलंच. डीफॉल्ट सुरक्षित बाजूचं आहे हे मान्य, पण निर्णय परस्पर फिरवलेला मला चालत नाही. म्हणून शेवटी सोर्सच्या स्क्रिप्ट्समधलं डिफकॉन्फिग (दोन कॉन्फिगमधला फरक दाखवणारं) जुन्या-नव्या फाइलींवर चालवतो. वजा चिन्हाच्या ओळी आधी वाचायच्या. गळालेलं सगळं तिथे सापडतं.

मॉड्यूल छाटायला 'लोकलमॉडकॉन्फिग' झकास आहे, फक्त त्याला दूरदृष्टी नाही. त्या क्षणी एलएसमॉडमध्ये (लोड झालेल्या मॉड्यूल्सच्या यादीत) जे दिसेल तेवढंच ते ठेवतं. तेव्हा आधी पेनड्राइव्ह, वेबकॅम, हेडसेट सगळं जोडायचं, व्हीपीएन चालू करायचं, ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइलींचं) माउंट करायचं, मग यादी फाइलीत साठवायची. ईएफआयचं विशेष सांगतो, कारण व्हीफॅट (त्या पार्टिशनच्या फाइलसिस्टिमचं मॉड्यूल) असूनही कोडपेज ४३७ या अक्षरसंचाचं मॉड्यूल नसलं तर माउंट अडतं आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींमध्ये) 'कोडपेज सीपी४३७ नॉट फाउंड' अशी ओळ येते. ज्याला ठाऊक नाही तो बिचारा डिस्कवर संशय घेत बसतो.

एनव्हीएमई (एसएसडीचा ड्रायव्हर) आणि ईएक्सटी४ (डिस्कची फाइलसिस्टिम) मी थेट कर्नलमध्येच बांधतो. रूट फाइलसिस्टिमसाठी इनिटरॅमएफएसच्या (बूटच्या सुरुवातीला लोड होणाऱ्या तात्पुरत्या फाइलसिस्टिमच्या) मिनतवाऱ्या कोण करणार?

लोकलव्हर्जनची शेपटी (आवृत्तीच्या नावाला आपण जोडलेला शब्द) दर बिल्डला बदलतो. ती तीच ठेवली तर नवी मॉड्यूल्स जुन्यांच्याच डिरेक्टरीत जाऊन बसतात आणि चालू कर्नलच्या पायाखालची सतरंजी निघते. डीबग माहिती चालू असेल तर इन्स्टॉल करताना 'इन्स्टॉल मॉड स्ट्रिप' १ ठेवावं, नाहीतर मॉड्यूल्स बेसुमार फुगतात.

अनइन्स्टॉलची सोय मात्र मेकफाइलमध्ये नाहीच. लिब-मॉड्यूल्समधल्या जुन्या डिरेक्टऱ्या आणि बूटमधल्या फाइली हातानेच काढाव्या लागतात. ६.६ च्या मी इतक्यात काढणार नाही. ग्रबमध्ये (बूट मेनूत) त्याची नोंद अजून आहे, आणि सस्पेंडमधून लॅपटॉप नीट उठतो का हे बघायचंय.